सनावळीतला शनिवार

दहा जानेवारीची सकाळ होती. पटांगणात परिपाठ चालला होता. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला आणि सातवीतली एक मुलगी दिनविशेष वाचायला पुढे आली. तिच्या हातातल्या कागदावर पाच नोंदी होत्या, त्यातली तिसरी अशी : '१७३०, पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला.' आमची शाळा पेठेतली. वाडा चालत दहा मिनिटांवर. तरी कुणी मान वर करून पाहिलं नाही. पाचही नोंदी मिनिटभरात संपल्या आणि बोधकथा सुरू झाली.

मधल्या सुट्टीत तीच मुलगी शिक्षकखोलीच्या दाराशी आली. "बाई, मी काल आईच्या मोबाईलमध्ये कॅलेंडर मागे नेत नेत १७३० सालापर्यंत गेले. दहा जानेवारीला मंगळवार दिसतो. मग शनिवारी पाया घातला म्हणून शनिवारवाडा, असं का सांगतात?"

इतकी वर्षं इतिहास शिकवूनही मी ही तारीख कधी वाराशी ताडून पाहिली नव्हती. "उद्या सांगते," म्हटलं आणि त्या संध्याकाळी जंत्री, म्हणजे जुन्या तिथी-तारखांची कोष्टकं, काढून बसले.

पेशवेकालीन नोंदीत तिथी आहे माघ शुद्ध तृतीया, शके १६५१. वार शनिवार. 'दहा जानेवारी' ही त्या तिथीची नंतर केलेली इंग्रजी फोड. १७३० साली इंग्रज अजून जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते. पोपच्या आज्ञेने युरोपातल्या कॅथलिक देशांनी १५८२ साली दहा दिवस गाळून नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं. इंग्लंडने ते घेतलं थेट १७५२ साली, आणि तोवर फरक अकरा दिवसांचा झालेला होता. आपल्याकडच्या अभ्यासकांनी १७५२ पूर्वीच्या तिथींची फोड बहुधा जुन्या इंग्रजी पद्धतीनेच केली, कारण इंग्रजांचे त्या काळचे कागद त्याच पद्धतीचे आहेत. मोबाईलमधलं कॅलेंडर मात्र आजची पद्धत तशीच मागे नेतं. म्हणून जुन्या पद्धतीतली १० जानेवारी १७३० म्हणजे आजच्या पद्धतीने २१ जानेवारी. मुलीला म्हटलं, आता एकवीस तारखेचा वार बघ. तिने पाहिला. शनिवार.

मग तिने स्वतःहूनच वास्तुशांतीची तारीख विचारली. ती २२ जानेवारी १७३२. अकरा दिवस पुढे गेल्यावर २ फेब्रुवारी, आणि तोही शनिवारच. वाड्याचं नाव वारावरून पडलं की पेठेवरून, हा वाद निराळा. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते तीस वर्षांत हजारो दिनविशेष वाचून घेताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे. शाळांच्या परिपाठात, वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात, मोबाईलवरच्या गटांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आपण रोज जो दिनविशेष वाचतो, तो असाच चालू ठेवू नये. तो बंद करा, असंही मी म्हणत नाही. पाच-दहा नोंदींची यादी सोडून रोज एकच नोंद घ्यावी आणि ती घटना कुठे घडली, कशामुळे घडली आणि हे आपल्याला कशावरून कळलं, एवढं तिच्यासोबत सांगावं. तारखेला पुराव्याची सोबत हवी.

यावर पहिला आक्षेप येतो तो सनावळ्यांना कंटाळलेल्यांचा. 'इतिहास म्हणजे सनावळ्या' ही तक्रार मी विद्यार्थी होते तेव्हापासून ऐकते आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. साल पाठ, अर्थ शून्य, अशी पिढीच्या पिढी आपण घडवली. म्हणून काही जण म्हणतात, तारखा काढूनच टाका, हवी तेव्हा मोबाईलवर मिळतात, मुलांना फक्त गोष्टी सांगा. हे मला पटत नाही. तारीख काढली की आधी काय आणि नंतर काय, हेच हरवतं आणि त्याच्याबरोबर कार्यकारणही जातं. एकदा पाचवीतल्या मुलाने विचारलं होतं, पेशवे मुंबईला रेल्वेने जायचे का? त्याला दोन साल सांगितली : पेशवाई बुडाली १८१८ साली, आणि खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली १४ जून १८५८ रोजी. मधली चाळीस वर्षं त्याने बोटांवर मोजली. पुढचा प्रश्न त्याचाच होता, "म्हणजे घाट चालत उतरायचे?" आणि त्यातून बोरघाटाचा अख्खा तास झाला. साल नसतं तर तो प्रश्नच उठला नसता.

आणि सनावळीला क्षुद्र मानणाऱ्यांनी जेध्यांची शकावली आठवावी. भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक जुनी टिपणवही होती. तिच्यात ना वर्णन, ना अलंकार. शके, तिथी, वार आणि दोन-चार शब्दांत काय झालं ते. अमुक शके, अमुक मासी, अमुक घडले. लोकमान्य टिळकांना ती मिळाली आणि १९१६ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडून ती छापून बाहेर आली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ सालचा, असं बखरींच्या आधारे सर्रास मानलं जात होतं. जेध्यांच्या वहीत निघालं शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. पुढे कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'तही तीच तिथी आढळली. वाद अनेक दशकं चालला. आज शासन १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पाळतं, तिचं मूळ त्या कोरड्या वहीत आहे. बखरींनी रंगवून सांगितलेल्या गोष्टींपुढे एका सनावळीतली ओळ खरी ठरली.

इथेही वाराची साक्ष काढता येते. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या इंग्रजी पद्धतीची तारीख. त्या शतकात फरक दहा दिवसांचा होता, म्हणून आजच्या पद्धतीने तो दिवस १ मार्च येतो, आणि १ मार्च १६३० ला शुक्रवारच पडतो. कॅलेंडरं बदलली, राज्यकर्ते बदलले, पण वारांची माळ कधी तुटली नाही. इंग्लंडमध्ये १७५२ च्या सप्टेंबरात दोन तारखेनंतर एकदम चौदा तारीख आली, तेव्हाही बुधवारनंतर गुरुवारच आला. आपल्या जुन्या लेखकांनी तिथीबरोबर वार लिहून ठेवला, त्यामुळे आज सातवीतली मुलगीसुद्धा त्यांची नोंद तपासू शकते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर दरवर्षी आपल्याकडे तावातावाने बोललं जातं. दोन्ही बाजूंच्या लोकांना महाराजांविषयी उत्कट वाटतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या बोलण्यात ही तारीख ठरली कशी, हे कुणी सांगत नाही. १९ फेब्रुवारीला शाळेत पोवाडे होतात, भाषणं होतात, आणि ते व्हायलाच हवेत. त्याच दिवशी जेध्यांच्या वहीतली ती ओळ फळ्यावर लिहून दाखवली, सुरतेचा इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच दिवसाला दहा दिवसांच्या फरकाने तारीख घालत होते हे सांगितलं, तर मुलांना महाराजांचा काळ किती मोठ्या जगात उभा होता हे दिसेल. राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील रायगडावर हजर होता. त्याच्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४, गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या हिशेबाने १६ जून, आणि गडावरच्या भटजींच्या हिशेबाने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. क्षण एक आणि नावं तीन. पेशव्यांच्या दप्तरात गेलात तर आणखी निराळं : पत्राच्या शेवटी 'छ' अक्षर, पुढे आकडा आणि मुसलमानी महिना, सोबत सुहूर सन, म्हणजे त्या काळी चालणारी अरबी वर्षगणना. असे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि ते वाचायचे तर मोडी यावी लागते, जंत्री उघडावी लागते. दिनविशेषाच्या कागदावर सरळ उतरलेल्या प्रत्येक तारखेमागे कुणीतरी डोळे शिणवून केलेली ही फोड असते.

पुराव्याविना तारीख फिरू लागली की काय होतं, याचं मला सर्वांत बोचणारं उदाहरण पानिपताचं आहे. १४ जानेवारी १७६१. मराठी माणसाच्या मनातली ही जखम अजून ओली आहे आणि 'संक्रांत कोसळली' असं आपण सहज म्हणून जातो. दर चौदा जानेवारीला तिळगुळाच्या शुभेच्छांबरोबर मजकूर फिरतो की पानिपतची लढाई मकर संक्रांतीच्या दिवशी झाली. ती तशी झाली नाही. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. १७५२ नंतरची तारीख असल्यामुळे ती आजच्याच पद्धतीची आहे आणि वारही बिनचूक जुळतो. पण संक्रांत कायम चौदा जानेवारीलाच येत नसते. आपलं पंचांग सूर्याचं संक्रमण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतं, इंग्रजी वर्ष ऋतूंच्या संदर्भाने. दोहोंत साधारण सत्तर वर्षांत एक दिवसाचं अंतर पडतं आणि संक्रांत पुढे सरकत जाते. स्वामी विवेकानंद जन्मले तो दिवस मकर संक्रांतीचा होता आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं आधी संक्रांत दहा-अकरा जानेवारीच्या सुमारास पडत होती. म्हणजे पानिपतावर भाऊसाहेबांची फौज उपाशीपोटी बाहेर पडली तेव्हा संक्रांत उलटून गेलेली होती. आता काही वर्षी ती पंधरा तारखेला येते, हे आपण स्वतः पाहतोच.

कुणी म्हणेल, तीन-चार दिवसांनी काय बिघडतं? माझ्या मते बरंच बिघडतं. संक्रांतीची जोड दिली की पानिपत ही दैवाची करणी होते. ग्रह फिरले, वेळ वाईट आली, संपलं. मग रसद का तुटली, उत्तरेतले मित्र का दुरावले, यमुनेला पूर असताना अब्दाली पलीकडे कसा उतरला, हे प्रश्न मागे पडतात. तारखेच्या एका योगायोगाने आपण कारणांचा शोध थांबवतो. ज्या लढाईत महाराष्ट्रातल्या घराघरातला माणूस गेला, तिच्याबद्दल एवढा तरी काटेकोरपणा आपण मृतांना देणं लागतो.

दिनविशेषाच्या रचनेतच आणखी एक मोठी खोट आहे. तो वर्षाच्या क्रमाने जात नाही, कॅलेंडरच्या पानांप्रमाणे जातो. त्यामुळे सलग घडलेली एकच हकिकत बारा महिन्यांत विखुरते. १८९७ साल घ्या. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, त्याच्यामागून येणारा आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैला गेला. २७ जुलैला टिळकांना अटक झाली, राजद्रोहाचा खटला चालला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढे चापेकर बंधू येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले, दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी आणि बाळकृष्ण व वासुदेव १८९९ च्या मे महिन्यात.

हे सगळं एकाच शहराभोवती, एकाच साथीत घडलं. कायद्याने सरकारला घरात शिरण्याचे अधिकार दिले, सोल्जर पेठांतल्या वाड्यांत देवघरापर्यंत गेले, माणसं छावण्यांत हलवली गेली, त्यातून संताप उसळला, त्यातून गोळी, गोळीतून खटला. आणि त्याच महिन्यांत शहराच्या पलीकडच्या टोकाला एक सासष्ट वर्षांची बाई प्लेग झालेलं मूल उचलून आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात नेत होती. दिनविशेषात मात्र सावित्रीबाई मार्चच्या पानावर, चापेकर जूनच्या, टिळक जुलैच्या. मुलांना वाटतं या तीन वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या देशांतल्या गोष्टी आहेत. याहून वाईट म्हणजे मोठ्यांनाही तसंच वाटायला लागतं, आणि मग सावित्रीबाई एका गटाच्या, टिळक दुसऱ्या गटाचे, चापेकर तिसऱ्याचे, अशी वाटणी करणं सोपं जातं. एकाच प्लेगने या सगळ्यांना वेढलं होतं, हे सांगणारं पान आपल्या कॅलेंडरात नाही. तोच साथरोगांचा कायदा २०२० साली करोनात पुन्हा लागू झाला, तेव्हा १८९७ ची आठवण किती जणांना झाली?

आमच्या घराजवळच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. सदाशिव, नारायण पेठेत अशा कितीतरी आहेत. गावाकडून आलेली मुलंमुली तिथे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसतात, मेसचा डबा खातात, चालू घडामोडी आणि दिनविशेष घोकतात. नांदेडकडचा एक मुलगा कधीमधी माझ्याशी बोलायला थांबतो. बुद्धीने तल्लख, कष्टाला मागेपुढे न पाहणारा. रँडच्या वधाची तारीख त्याने क्षणात सांगितली. मी विचारलं, तीच तारीख का? तो थांबला. हा प्रश्न त्याला कुणी कधी केलाच नव्हता. मग मी सांगितलं की व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून त्या दिवशी साम्राज्यभर हीरक महोत्सव होता, गणेशखिंडीच्या गव्हर्नरच्या बंगल्यात मेजवानी होती, आणि तिथून परतणाऱ्या बग्गीवर गोळी झाडली गेली. पेठांतून प्लेगची प्रेतं निघून गेलेल्याला फार दिवस झाले नव्हते आणि इकडे रोषणाई चालली होती. तो बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत, ज्या विद्यापीठाला आता सावित्रीबाईंचं नाव आहे.

त्या रविवारी तो मुलगा विद्यापीठात जाऊन आला. "मॅडम, आता ही तारीख पुन्हा पाठ करावी लागणार नाही," एवढंच म्हणाला. अशा हुशार पोरांच्या आयुष्याची चार-पाच उमेदीची वर्षं आपण 'पुढीलपैकी अचूक पर्याय निवडा' या एका ओळीवर खर्ची घालतो. परीक्षा घेणाऱ्यांनी घटनांचा क्रम लावायला सांगावा, कारण विचारावं, दोन नोंदींतला विरोध ओळखायला लावावा. पर्यायी प्रश्नांतही ते करता येतं. नुसत्या तारखेचा गुण देणं थांबवलं तर पुस्तकं छापणारेही आपोआप बदलतील.

तारखांच्या योगायोगाला मात्र माझा सरसकट विरोध नाही. काही योगायोग दार उघडतात. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी त्याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात, पुणे करार झाला. मधे एकोणसाठ वर्षं. तारीख एक येणं हा निव्वळ योगायोग, पण प्रश्न मात्र एकच होता : जन्मावरून माणसाची जागा ठरवणाऱ्या व्यवस्थेत ज्याला बाहेर ठेवलं त्याचा वाटा कोणता? फुल्यांनी तो धर्मविधीत आणि शिक्षणात मागितला, बाबासाहेबांनी कायदेमंडळात. करारात प्रांतिक कायदेमंडळांतल्या १४८ राखीव जागा ठरल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. गांधीजींचं उपोषण चालू होतं आणि त्या दडपणाखाली ही सही झाली, हे बाबासाहेबांच्या मनात पुढेही सलत राहिलं. चोवीस सप्टेंबरला या दोन घटना शेजारी ठेवून एक तास बोलावं, इतका ऐवज त्यांत आहे. १ ऑगस्टचं तसं नाही. १९२० साली त्याच दिवशी टिळक गेले आणि अण्णाभाऊ साठे जन्मले, म्हणून दोघांचे फोटो एका टेबलावर ठेवून एकाच हारात कार्यक्रम उरकला जातो. दोघांनाही त्यात न्याय मिळत नाही. अण्णाभाऊंना त्यांचा स्वतंत्र दिवस मिळायला हवा.

मोठ्या तारखेखाली झाकलेले लहान दिवसही असतात. १५ ऑगस्ट म्हटलं की स्वातंत्र्यदिन, आणि ते योग्यच. पण पुण्याच्या शाळेत त्या दिवशी आणखी एक वाक्य बोललं जावं, असं मला मनापासून वाटतं. स्वातंत्र्याच्या बरोबर पाच वर्षं आधी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना वारले. 'चले जाव'नंतर पकडून आणल्याला आठवडाही झाला नव्हता. वय पन्नास. दीड वर्षाने, २२ फेब्रुवारी १९४४ ला, कस्तुरबाही तिथेच गेल्या. दोघांच्या समाध्या तिथे शेजारी शेजारी आहेत. झेंडावंदन आटोपून मुलांना तिथे नेता येतं. मी दोनदा नेलं आहे. सकाळी साडेदहाला तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

शिक्षक म्हणतात, वेळ कुठे आहे? त्यांची अडचण मी नाकारत नाही. मीही त्यांच्यातलीच आहे. जनगणना, निवडणुका, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं सांभाळून परिपाठाला वीस मिनिटं मिळतात. पण पाच नोंदी वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच एक नोंद नीट सांगून होते. वर्षात शाळेचे दोनशेवीस दिवस धरले तरी तेवढ्याच घटना लागतात, आणि त्यातल्या निम्म्या आपल्या गावच्या, तालुक्याच्या असाव्यात. पुण्याच्या मुलाला आपल्या गल्लीतला, इथे कोण राहत होतं हे सांगणारा निळा फलक वाचता यावा, भोरच्या मुलाला कारीची ओळख असावी. जगाच्या इतिहासाला माझा विरोध नाही. पण घराजवळची जागा पायी जाऊन पाहता येते, आणि पाहिलेल्या जागेबद्दल मूल प्रश्न विचारतं.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. पुरावा सांगायचा तर वाद होतील, भावना दुखावतील, पालक विचारायला येतील, त्यापेक्षा नुसती तारीख बरी. ही भीती मला कळते. पण वाद पुराव्यामुळे वाढत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव आहे. दोन तिथी फळ्यावर लिहून कोणती कशाच्या आधारे, हे मुलांपुढे ठेवलं की ती शांतपणे वजन करू लागतात. जन्मतिथीच्या वादावर मी सांगितलं तेव्हा एकाही मुलाच्या मनातला महाराजांचा आदर कणभर कमी झाला नाही. उलट जेध्यांची वही कुठे पाहायला मिळेल, हे चौघांनी विचारलं.

गेल्या पावसाळ्यात, १२ जुलैला, मी त्याच वर्गाला घेऊन नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यापाशी गेले. दिनविशेषाच्या कागदावर त्या दिवशी एकच नोंद होती : १९६१, पानशेतचं धरण फुटलं. बांधकाम पुरतं होण्याआधीच त्यात पाणी अडवलं गेलं होतं. सकाळी पानशेत गेलं, त्या लोंढ्याने दुपारी खडकवासलाही फुटलं आणि मुठा शहरात शिरली. आदल्या दिवसापासून लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध तासन् तास तगवला, म्हणून तो रात्री न फुटता दिवसा फुटला आणि अगणित माणसं वाचली. चौकशी आयोग बसला, पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, त्यांच्या सोसायट्यांच्या मालकीचे प्रश्न अजून निघतात. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घुसलं, तेव्हा पुराची हद्द दाखवणारी नदीची निळी रेषा, लाल रेषा हे शब्द पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले.

वाड्याच्या भिंतीवर पुराच्या पातळीची खूण आहे. रंग उडालेला, तरी रेघ दिसते. मुलांनी शिवणकामाची फीत आणली होती, ती पुरेना. सर्वांत उंच मुलाने हात वर केला, तरी रेघ त्याच्या बोटांच्या वरच राहिली. आमचा गलका ऐकून आतून एक आजी बाहेर आल्या. काठीवर टेकून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला थांबवलं.

"बाई, सकाळी धरण फुटलं हे बरोबर. पण इथे पाणी दुपारी चढायला लागलं. मी तेव्हा नऊ वर्षांची. आईने पितळी डबे माळ्यावर टाकले आणि आम्हाला ओढत पर्वतीकडे नेलं." मग काठी उचलून त्यांनी रेघेच्या खाली, विटांच्या एका सांध्याकडे दाखवलं. "आम्ही निघालो तेव्हा इथवर होतं."

शनिवारचा प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढे झाली, त्या सांध्यापाशी तिने खडूने बारीक खूण केली आणि वहीत आजींचं वय, वार आणि वेळ लिहून घेतली. बुधवार होता.